पाद्रीबाईंनी लिहिलेलं उत्तर

१० जुलै १७८५, रविवार

आजही पुरुषमंडळी शेवटची घंटा होईपर्यंत चर्चच्या बाहेर झाडांखाली उभी होती आणि घंटा थांबल्यावर बूट वाजवत एकदम आत आली. देवाला थोडं ताटकळत ठेवलं म्हणजे आपली पत राहते, असा व्हर्जिनियातल्या जमीनदारांचा समज आहे. एरवी बाहेर तंबाखूचा भाव आणि घोड्यांची वंशावळ निघते. आज मात्र सगळे कर्नल टेलफेअरभोवती गोळा झाले होते आणि कर्नलच्या हातात एक छापील कागद होता.

तो कागद दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. कर्नल चर्चच्या पंचांचे मुख्य, त्यामुळे आमच्याकडे ते हक्काने जेवतात.

"गिरणीच्या दारावर चिकटवला होता," ते म्हणाले. "आपल्या कराच्या बिलाविरुद्धचा अर्ज आहे. ऑक्टोबरात रिचमंडच्या कायदेसभेपुढे जायचाय. आपलं चर्च सोडून वेगळा पंथ धरलेले ते बाप्तिस्मावाले तर सह्यांसाठी रांगा लावताहेत."

"लिहिलाय कुणी?" ह्यांनी विचारलं.

"नाव नाही. पण लोक म्हणतात, ऑरेंज परगण्यातल्या त्या मॅडिसनचं काम असावं. माणूस मुठीएवढा, पण लेखणी भाल्याएवढी! पाद्रीसाहेब, याला सडेतोड उत्तर पाहिजे. परगण्यात तुमच्याइतका शिकलेला दुसरा कोण आहे? सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये पुलपीटच्या चौथऱ्यावरून वाचा. मग आम्ही ते छापून वाटतो."

ह्यांनी मान डोलावली. ह्यांची मान तशी कुणाहीपुढे डोलते.

आमचं सगळं या बिलावर अवलंबून आहे, म्हणून लिहून ठेवते. इंग्रजांशी लढाई सुरू झाली तेव्हापासून ह्यांचा पगार बंद आहे. आम्ही जगतो ते चर्चच्या मालमत्तेवर. हे घर, तंबाखूचं शेत, पीचची बाग, दोन गाई, शेत करणारा आयझॅक आणि स्वयंपाक करणारी त्याची बायको फिबी. सगळं चर्चचं, पण आम्ही आहोत तोवर आमच्या हाताखाली. बिल पास झालं तर प्रत्येकाला धर्मशिक्षकासाठी कर भरावा लागेल, ज्याने त्याने आपापल्या पंथाचं नाव सांगायचं, आणि आमचा पगार पुन्हा सुरू होईल. बिल पडलं तर पंचांना पाद्री पोसणं परवडणार नाही. कर्नलचा पुतण्या या शेतावर डोळा ठेवून आहे, हे मला केव्हापासून ठाऊक आहे.

बिल पास झालंच पाहिजे. इतकं साधं आहे.

१३ जुलै

आजपासून उत्तर सुरू. ह्यांचे डोळे आता बारीक छपाईला दाद देत नाहीत, म्हणून अर्ज मी मोठ्याने वाचते आणि हे टिपणं काढतात. चार वाक्यं झाली की "पुन्हा वाच" म्हणतात. मी म्हटलं, "अहो, शत्रूचं पत्र आहे हे, प्रेमपत्र नव्हे."

अर्जवाल्याचं पहिलं म्हणणं असं. देवाचं जे देणं लागतं ते माणसाने आपल्या बुद्धीला पटेल तसं फेडायचं. ते देणं सरकार जन्मायच्या आधीचं आहे, म्हणून त्यात सरकारला बोलायची सोयच नाही. सरकार म्हणजे आपण नेमलेला कारभारी. त्याला कोठाराची किल्ली दिली. ज्या खोलीत माणूस गुडघे टेकून बसतो, त्या खोलीची दिलेली नाही.

बोलायला छान आहे. पण कोठाराचा कारभारी नीट वागावा म्हणून तरी त्याला नीती कुणी शिकवायची? पाद्र्यानेच ना? आणि पाद्र्याने काय वारा खायचा? मी हे बोलले, तर हे म्हणाले, "चांगला मुद्दा आहे, लिहून घेतो." लिहिला आणि मग बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

१९ जुलै

उकाडा फार. आयझॅक सकाळपासून तंबाखूच्या पानांवरच्या अळ्या वेचतो आहे.

चुलीत कागदांची राख सापडते आहे. हे लिहितात आणि जाळतात. मी मनाशी म्हटलं, चला, बारीक काम चाललंय. ह्यांचा उपदेशसुद्धा शनिवारी संध्याकाळपर्यंत कधी पुरा होत नाही.

फिबीने आज मक्याची भाकरी करपवली. मी रागावले तर म्हणाली, "बाईसाहेब, साहेबांचं लिहून झालं का?"

"तुला गं काय करायचंय?"

"काही नाही. कागद फार जळताहेत."

तिला वाचता येत नाही, पण राख मोजता येते म्हणायची.

२७ जुलै

पिंपं दुरुस्त करायला मोझबी आला होता. तंबाखूची पिंपं त्याच्यासारखी परगण्यात कुणी करत नाही, म्हणून बोलवावं लागतं. नाहीतर तो बाप्तिस्मावाल्यांचा उपदेशक. लढाईच्या आधी परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून त्याला तुरुंगात टाकलं होतं. तिथे हा गजांमधून बाहेरच्या लोकांना उपदेश करायचा आणि आमच्या रविवारच्या मंडळीपेक्षा त्याच्या खिडकीपुढे गर्दी जास्त असायची.

हे स्वतः उठून त्याच्याजवळ अंगणात जाऊन बसले. मी ताक घेऊन गेले, ते ऐकायला मिळावं म्हणून.

"मोझबी, एक सांगा," हे म्हणाले. "या बिलात तुमचंही भलं आहे. तुमचे लोक तुमचं नाव सांगतील, पैसे तुम्हाला मिळतील. मग विरोध कशाला?"

"साहेब, द्यायची इच्छा नसलेल्या माणसाच्या गोठ्यातून कर वसुलीला आलेला शेरीफ गाय सोडून आणणार. तिचं दूध पिऊन मी प्रेमाचा उपदेश करायचा? घशाखाली उतरेल का?"

"पण तुमचा प्रपंच आहे."

"म्हणून तर पिंपं करतो. माझा उपदेश फुकट आहे म्हणून लोक गुमान ऐकतात. पैसे घ्यायला लागलो तर म्हणतील, जरा बरा कर!"

हे हसले. किती दिवसांनी हसले! मी मात्र चिडले. घर पेटायची वेळ आली आणि हे चकमक विकणाऱ्याशी गप्पा मारताहेत.

मोझबी जाताना स्वयंपाकघराच्या दाराशी फिबीशी दोन शब्द बोलला. ती रविवारी दुपारी त्याच्या सभेला जाते. ह्यांनीच परवानगी दिली आहे. गुलामाला दोन उपदेश ऐकवण्यात नुकसान नाही, असं हे म्हणतात.

२ ऑगस्ट

आज एक अक्षर नाही. विचारलं तर म्हणाले, "डोकं दुखतंय."

९ ऑगस्ट

कर्नल येऊन गेले. घोड्यावरून उतरलेसुद्धा नाहीत, यावरून मी काय ते ओळखलं.

"काय पाद्रीसाहेब, कुठवर आलं?"

"चाललंय."

"चाललंय म्हणजे? तिकडे सह्यांचे कागद भरताहेत. आपलेच लोक, आपल्याच बाकांवर बसणारे, मोझबीच्या दुकानात जाऊन सह्या करताहेत. तुम्ही एकदा बोललात की थांबतील. तुमच्यावर लोकांचा जीव आहे."

"अर्जात एक मुद्दा आहे, कर्नल. आज जे सरकार ख्रिस्ती धर्मासाठी पैसे घेऊ शकतं, ते उद्या ख्रिस्ती धर्मातल्या एकाच पंथासाठी घेऊ शकेल..."

"मग घेईना! तो पंथ आपलाच असेल." कर्नल मोठ्याने हसले. मग हसू आवरून म्हणाले, "हे बघा, बिल झालं तर हे घर मरेपर्यंत तुमचं, असा मी पंचांकडून ठराव करून घेतो. नाही झालं तर माझेही हात बांधलेले. समजलं ना?"

निघताना त्यांनी शेताकडे पाहिलं. आयझॅक वाकून काम करत होता. "चांगला धट्टाकट्टा आहे. इथे वाया जातोय. पश्चिमेला डोंगरांपलीकडे केंटकीत नव्या जमिनी फोडायला असे हात पाहिजेत," असं म्हणून गेले. आपल्या माणसाचं कुणी कौतुक केलं की बरं वाटतं, तसं मला वाटलं. फिबी विहिरीजवळ होती. तिच्या हातातली बादली सुटून विहिरीत पडली आणि काढायला अर्धा तास गेला. अलीकडे तिचं लक्षच नसतं.

१५ ऑगस्ट

आज एक गोष्ट झाली, तिने माझं मन भरून आलं.

मी बागेत पीच वेचत होते. फिबी आली आणि एकदम गुडघ्यावर बसली.

"बाईसाहेब, साहेबांना सांगा ना. लिहा म्हणावं. कसंही लिहा, पण लिहा."

मी चकित झाले. "अगं, तू मोझबीची शिष्या ना? तुझे लोक तर त्या अर्जावर जीव टाकताहेत."

"मोझबीसाहेब चांगले आहेत. देव त्यांचं भलं करो. पण साहेबांनी उत्तर लिहिलंच पाहिजे. हे घर राहिलं पाहिजे. घर गेलं तर आमचं काय?"

"तुला कसली गं काळजी? तुझ्या हाताला चव आहे. तुला कुठेही चूल मिळेल."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग "हो, बाईसाहेब," म्हणाली आणि उठून गेली.

स्वतःच्या पंथापेक्षा हिला आमचं घर मोठं! खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच. संध्याकाळी मी तिला माझी निळी शाल दिली. जुनी आहे, पण लोकर चांगली आहे. तिने ती घडी करून ठेवली, पांघरली नाही.

२१ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये पुढचे बाक भरलेले आणि मागचे रिकामे. मागचे लोक मोझबीकडे गेले. ह्यांनी उपदेशात वाळूवर बांधलेल्या घराचा दाखला दिला आणि मध्येच थांबले. मला वाटलं, विसरले.

२४ ऑगस्ट

भांडण झालं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं भांडण झालं नव्हतं.

मी ह्यांच्या टेबलावरचे कागद पाहिले. सगळ्या कागदांवर अर्जातलेच मुद्दे, ह्यांच्या सुबक अक्षरात, आणि त्यांच्यापुढे 'उत्तर' असं लिहून खाली कोरं. ऑगस्ट संपत आला आणि एवढंच!

"अहो, हे काय?"

"मिल्ड्रेड, मला उत्तर सापडत नाही."

"सापडत नाही म्हणजे? ऑक्सफर्डला काय शिकलात?"

"शोधलं. मनापासून शोधलं, कारण मला हे घर हवंय. पण हा माणूस म्हणतो की पंधराशे वर्षं सरकारने धर्माला पोसलं आणि त्यातून काय पिकलं, तर पाद्री आळशी आणि माजलेले, आणि लोक अडाणी आणि लाचार. मी आपल्या परगण्यातले पाद्री डोळ्यांपुढे आणले. जुगारी, दारूबाज... मग आरशात पाहिलं."

"तुम्ही ना जुगारी ना दारूबाज."

"मी दुसरा प्रकार. मान डोलवणारा."

मी तो मुद्दा सोडला. मग म्हटलं, "कर तो केवढा! चिमूटभर. चिमूटभरासाठी कुणी घर जाळतं?"

"तेच तर तो म्हणतो. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. चिमूट घ्यायचा हक्क दिला की मूठ घ्यायचा दिलाच. सरकारला वेसण घालायची ती पहिल्या चिमटीलाच."

"मग आपण जायचं कुठे? त्या मुठीएवढ्या माणसाच्या घरी?"

ह्यांनी कागद गोळा करून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवले. मी रागाने बाहेर गेले, परत आले आणि रडले. हे सगळं इथे लिहितेय कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. पाद्र्याच्या बायकोने कुणाजवळ पाप सांगायचं?

२६ ऑगस्ट

ठरलं. ह्यांना जमत नसेल तर मी लिहिते.

इतके दिवस तो अर्ज मीच वाचतेय, मला तो पाठ झालाय. बिशपची नात आहे मी. वादविवाद आमच्या घरात ताकासारखे घुसळले जायचे.

३० ऑगस्ट

लिहून झालं. सांगायला लाज कसली, चांगलं झालंय.

मी विहिरीचा दाखला घेतला. गावाची विहीर सगळे मिळून खोदतात. जो म्हणतो मी नदीचं पाणी पितो, त्याचंही घर पेटलं तर विझवायला विहिरीचंच पाणी लागतं. नीतीचं तसंच आहे. ज्या गावात शपथेला किंमत नाही तिथे न्यायाधीश काय करील? आणि बिल कुणावर पंथ लादत नाही, ज्याने त्याने आपल्या घागरीत पाणी घ्यावं. दोरखंडाचा खर्च मात्र सगळ्यांनी द्यावा.

ह्यांनी खिडकीपाशी उभं राहून दोनदा वाचलं.

"मिल्ड्रेड, हे उत्तम आहे. मला असं सुचलं नसतं."

"मग वाचाल ना रविवारी?"

"वाचीन. शब्द न् शब्द वाचीन."

मी ह्यांच्या गळ्यात पडले, भर दुपारी, नोकरांच्या देखत. फिबीला सांगितलं, तर ती चुलीपाशी खाली बसली आणि तोंडाला एप्रन लावून हुंदके देऊ लागली. मग उठून शेताकडे पळाली. आयझॅकला सांगायला असेल. कधी नव्हे ती दोघं संध्याकाळी अंगणात गात होती.

४ सप्टेंबर, रविवार

आजचं लिहवत नाही. तरी लिहिते.

पुरुषमंडळी आज पहिल्या घंटेलाच आत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मागे उभं राहायला जागा नव्हती, मोझबीसुद्धा दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. वरच्या सज्जात गुलाम लोक, त्यांत फिबी आणि आयझॅक शेजारी शेजारी.

ह्यांनी माझं उत्तर वाचलं. आणि काय वाचलं! एरवी पुटपुटणारा माणूस, आज भिंतींना ऐकू जाईल असा आवाज. विहिरीच्या दाखल्यापाशी कर्नलनी मांडीवर थाप मारली. कुणी खोकलं नाही. मी खाली मान घालून बसले होते, पण कान लाल झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं माझे शब्द ऐकत होती.

वाचून झालं. ह्यांनी कागदांची घडी केली आणि म्हणाले,

"मंडळी, बिलाच्या बाजूने बोलता येईल ते यात सगळं आहे. माझ्याहून चांगल्या डोक्याने हे लिहिलंय. मला हे पटावं अशी माझी फार इच्छा होती. माझी भाकरी यात आहे. तरीही पटलं नाही. ज्याला पटलं असेल त्याने अर्जावर सही करू नये, तो माझा तितकाच भाऊ आहे. मला मात्र वाटतं, जो धर्म उभा राहायला शेरीफचा हात मागतो, त्याला स्वतःचे पाय नाहीत. आणि जे सरकार माझ्या प्रार्थनेची किंमत ठरवतं, ते उद्या प्रार्थनाही ठरवील."

मग हे पुलपीटवरून उतरले. झगा तसाच अंगात. मधल्या वाटेने चालत बाहेर पडले, रस्त्याने थेट मोझबीच्या दुकानापर्यंत गेले. अर्धं चर्च मागे. दुकानात एका पालथ्या पिंपावर अर्ज ठेवला होता. त्यावर ह्यांनी सही केली. मी गर्दीतून पाहिलं, ह्यांनी पूर्ण नाव लिहिलं, त्याच सुबक अक्षरात.

कुंपणानेच शेत खाल्लं! परगण्यातल्या सगळ्या माणसांत नेमक्या त्याच माणसाच्या हातात तो अर्ज दिला, ज्याला तो उत्तर देण्यासाठी पुन्हा पुन्हा वाचावा लागणार होता. कर्नलनी स्वतः दिला. आणि मी वाचून दाखवला!

फिबी आमच्या आधी घरी आली होती. तिने जेवण वाढलं नाही. मी विचारलंही नाही, भूक कुणाला होती.

६ सप्टेंबर

पंचांचा निरोप आला. नाताळपर्यंत घर सोडायचं. निरोप कर्नलच्या पुतण्याने आणला आणि जाताना गोठ्याचं छप्पर पाहून गेला.

२ ऑक्टोबर

राग किती दिवस टिकतो? माझा संपला. खरं लिहायचं तर आता मला ह्यांचा अभिमान वाटतो. रस्त्याने लोक ह्यांना टोपी काढून नमस्कार करतात. परवा पलीकडच्या परगण्यातून प्रेस्बिटेरियन पंथाचं एक जोडपं नुसतं भेटायला आलं. बाई मला म्हणाली, "तुमच्या नवऱ्याने किती मोठा त्याग केला!" मी म्हटलं, "आम्ही दोघांनी केला." चूक नाही ना काही? घर माझंही गेलं.

मोझबी दुकानामागच्या दोन खोल्या देतोय. भाड्याचं विचारलं, तर म्हणाला, "पाद्रीसाहेब पिंपाला पट्टे ठोकायला शिकले तर वळतं करून घेऊ."

फिबी मात्र तोंड उघडत नाही. "हो बाईसाहेब, नाही बाईसाहेब," बास. मी म्हटलं, "अगं, तुझ्या बाप्तिस्मावाल्यांचा विजय होतोय, हस जरा." ती भांडी घासत राहिली. मिठाला जागणारी म्हणून कौतुक केलं, तर हिचं हे असं. मला वाईट वाटलं.

१९ नोव्हेंबर

आज पुतण्या दोन पंचांना घेऊन आला. चर्चचं काय काय आहे ते बघायला. ते खोल्याखोल्यांतून फिरले. पलंग, कढया, चांदीचा प्याला. गोठ्यात गेले. मग अंगणात आयझॅकला उभं करून त्याचे दात पाहिले.

पुतण्या वसंत ऋतूत केंटकीला जाणार आहे. आयझॅक त्याच्याबरोबर. फिबी कर्नलच्या स्वयंपाकघरात.

मला हे कळेपर्यंत तिकडे सगळं ठरलं होतं. मी तशीच कर्नलकडे गेले. म्हटलं, नवरा-बायकोला तोडू नका, ह्यांनीच त्यांचं लग्न लावलंय.

"त्या लग्नाला कायदा कुठे ओळखतो, बाई?" कर्नल शांतपणे म्हणाले. "आणि पाद्रीसाहेबांनीच ना सांगितलं, की चर्चने स्वतःच्या पायावर उभं राहावं? कर नाही, पगार नाही. मग चर्चकडे विकायला आहे काय? जे आहे ते विकतोय."



परत आले तेव्हा फिबी अंगणात बसली होती. तिने आयझॅकचा सदरा मांडीवर घेतला होता आणि त्याची बटणं घट्ट करत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "बाईसाहेब, थोडं बाजूला व्हा. उजेड अडतोय."

१२ डिसेंबर

पुतण्या वसंताची वाट न पाहता निघाला, थंडीतच. आयझॅक गाडीमागून चालत गेला. हे त्याला फाटकापर्यंत पोहोचवायला गेले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. आयझॅक म्हणाला, "साहेब, फिबीकडे लक्ष ठेवा." हे "हो" म्हणाले. पण फिबी उद्यापासून कर्नलकडे असणार.

२९ जानेवारी १७८६, रविवार

मोझबीच्या मागच्या खोल्यांत आता स्थिरावलो. लाकडाच्या भुशाचा वास सगळीकडे. हे मोझबीच्या दुकानात दहा-बारा माणसांपुढे उपदेश करतात, आणि मागच्या आठवड्यात ह्यांनी एक पिंप बांधलं. गळतं.

काल रिचमंडहून बातमी आली. कराचं बिल कधीच बारगळलं होतं, आता त्या जागी नवा कायदा झाला. कुणालाही कुठल्याही चर्चला जायची किंवा पोसायची सक्ती नाही. धर्माच्या मतामुळे कुणाचं काही हिरावून घेतलं जाणार नाही. मोझबी ऐकून रडला. म्हणाला, "तुरुंगाच्या गजांना कुणीतरी सांगा रे." हे त्याला मिठी मारून उभे राहिले. मीही रडले. मला वाटलं, सगळं सार्थकी लागलं.

ही बातमी फिबीला सांगावी म्हणून आज दुपारी मी कर्नलच्या मागच्या दाराने गेले. ती पीठ मळत होती. वाळलीय.

"फिबी, कायदा झाला! आता ज्याला जशी हवी तशी प्रार्थना करता येईल. कुणीही अडवणार नाही."

"कुणालाही?"

"कुणालाही."

"कर्नलसाहेबांनी मला मोझबीसाहेबांच्या सभेला जायची बंदी केलीय. इथे आले त्या दिवसापासून."

मी म्हटलं, "मी बोलते त्यांच्याशी." तिने मान हलवली. मग पिठाकडे बघतच म्हणाली, "आयझॅक कुठे प्रार्थना करत असेल, ते त्या कायद्यात आहे का, बाईसाहेब?"

मी घरी आले. हे शेगडीपाशी बसून कायद्याची बातमी पुन्हा वाचत होते. चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी लग्नापासून कधी पाहिलं नव्हतं. मला ते पुसायचं नव्हतं. तरी विचारलं.

"अहो, पिंपावर सही केलीत ना, तेव्हा फिबी आणि आयझॅक आठवले होते का?"

ह्यांनी कागद खाली ठेवला. खोटं बोलता येत नाही या माणसाला, हीच तर सगळ्याची सुरुवात.

"नाही," हे म्हणाले. "घर गेलं तर तुझं काय होईल, याचा विचार रात्रंदिवस केला. माझं काय होईल याचाही केला. ते दोघं मनातच आले नाहीत, मिल्ड्रेड."

मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आणि तुझ्या मनात? तू ते उत्तर लिहिलंस तेव्हा?"

"मला घर वाचवायचं होतं," मी म्हटलं. "घरात ती होती. ती माझ्यापुढे गुडघ्यावर बसली, आणि मी तिला शाल दिली."